वीस मिनिटं पुढे

काल मुक्ताने तिच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला. 'सकाळी आठपर्यंत कोणीही माझ्याशी बोलू नये.' खाली लाल पेनाने दोन रेघा. मी चहा घेऊन दारापर्यंत गेले, कागद वाचला, आणि कप खाली न ठेवताच डाव्या हाताने तो ओढून फाडला. अर्धा चहा तिच्या चपलांवर सांडला. पोरगी भडकली. बारावीची परीक्षा तोंडावर आहे, भडकणारच. "आई, तूच म्हणतेस ना शिस्त लाव, शिस्त लाव? मतलब करो तो भी डाँट, ना करो तो भी डाँट!" मी म्हटलं, बाकी हवी ती शिस्त लाव, पहाटे तीनला ऊठ, मोबाइल विहिरीत टाक, पण हा कागद या घरात लागणार नाही. काहून, ते विचारू नकोस. तिने विचारलं नाही, दार आपटून आत गेली. तिला नाही सांगू शकले, म्हणून इथे सांगते.

मार्च लागला की इकडे हिंदी मुलखात, आमच्या विजय नगरच्या गल्लीत कडुनिंबाच्या पानांचा सडा पडायला लागतो. सकाळी झाडावं, दुपारी पुन्हा तेवढाच. मटारच्या हातगाड्या कमी होतात, उरलेल्या शेंगा जाड सालीच्या आणि पिठूळ निघतात. लोक कूलर बाहेर काढून धुतात, जुन्या गवताचा कुबट वास दोन दिवस सगळीकडे असतो. शहराबाहेर गेलं तर पळस पेटलेला. आणि घराघरातून पाठांतराचा आवाज. शेजारचा मुलगा गॅलरीत येरझारा घालत रसायनशास्त्र घोकतो, त्याची आई खालून ओरडते, "आवाज नहीं आ रहा है!" लोकांना हा मोसम होळीचा वाटतो. मला परीक्षेचा. वयाची पंचेचाळिशी आली, शाळा सुटून जमाना झाला, तरी हवेतला गारवा कमी झाला की हात आपोआप पेन शोधतात.

नेपियर टाउनमधून स्कूटर काढली की दोन्ही बाजूंना कोचिंग क्लासेसच्या पाट्या दिसतात. आता तर मुलांना गणित शिकवण्याआधी सवयी शिकवतात म्हणे. हसरा चेहरा, घडी घातलेले हात आणि खाली लिहिलेलं, सफल लोगों की आदतें. मोबाइल उघडला तरी तेच. पहाटे उठा. कोमट पाणी प्या. दिवसाची तीन कामं लिहा. मोबाइल दूर ठेवा. पहिला तास मौन पाळा. मला हसू येतं आणि रागही येतो. या माणसांच्या घरी दूधवाला येत नाही वाटतं. पहाटे पाच ते सहा यांना कोणी हाक मारत नाही, नळाला पाणी येत नाही, कोणाचा डबा नसतो. असं मी तोंडाने म्हणते खरं, पण एका वर्षी या सगळ्या सवयी मी स्वतः डोळे मिटून गिळल्या होत्या. एकही सोडली नव्हती.

मुक्ता तेव्हा आठवीत होती. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात क्लार्क, आजही तिथेच आहे. सतरा वर्षं टिपणं मी लिहायची आणि खाली सही दुसऱ्याची. साहेब नवे आले की त्यांना काम मीच शिकवायचं, आणि शिकून झालं की त्यांनीच मला विचारायचं, "मैडम, फाइल अभी तक क्यों नहीं आई?" वर जायला खात्याची परीक्षा होती. जन्मात तीनच चान्स. पहिल्या वेळी मला कावीळ झाली. दुसऱ्या वेळी सासूबाई दवाखान्यात होत्या, त्या तिथूनच गेल्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ना, तशी माझी परीक्षा. तिसरा चान्स शेवटचा. तो गेला की रिटायर होईपर्यंत तीच खुर्ची, त्याच खिडकीशी. मला ती दुसरी खुर्ची हवी होती. लाज कसली सांगायला? जीव तुटायचा माझा तिच्यासाठी.

मग मी कॅलेंडरच्या पाठीमागे टाइमटेबल लिहिलं. साडेचारला उठणं. मोबाइल बंद करून पोह्यांच्या डब्यात. भिंतीवर तीन कामं. आणि दारावर कागद, 'सकाळी कोणी बोलू नये.' हे कमालीचं नाटकी वाटतं आता, पण त्या तीन महिन्यांत मी खरंच माणसात आले होते. गजर न लावता डोळा उघडायचा. अंधारात एकाच दिव्याखाली नियमांचं पुस्तक, पायाखाली गार फरशी, बोटांना शाईचा वास. आपण काही तरी होऊन राहिलो आहोत, असं मला तेव्हा रोज वाटायचं. तेवढं सुख मला लग्नानंतर दुसऱ्या कशात मिळालं नाही, हेही लिहून टाकते.

पण ती सवय माझी एकटीची नव्हती, हे त्या मोबाइलमधल्या माणसांनी सांगितलं नव्हतं. नवरा रेल्वेत, महिन्यातले अर्धे दिवस बाहेर. घरात मुक्ता आणि माझे सासरे. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखायचे, तरी मी पुस्तक उघडलं की ते उठायचे. फाटकाशी पातेलं घेऊन उभे राहायचे, म्हणजे दूधवाल्याने घंटी वाजवू नये. कुकरच्या शिट्ट्या होऊ नयेत म्हणून भात साध्या पातेल्यात लावायला शिकले. खोकला आला की अंगणात जाऊन खोकायचे. बाई अभ्यास करून राहिली, असं शेजाऱ्यांना खुणेने सांगायचे. मला हे दिसत होतं, पण त्यात काही विशेष आहे असं मला वाटलं नाही. माझं आयुष्य पणाला लागलंय, मग एवढं तर व्हायलाच हवं, असाच माझा रुबाब होता.

बाबा फॅक्टरीतून रिटायर झालेले. तिथला नियम सोपा होता. सकाळी भोंगा व्हायचा आणि भोंग्यानंतर गेट बंद. मग तुम्ही कोणीही असा, बाहेर. चौतीस वर्षांत बाबांना एकदाही गेट बंद मिळालं नाही, आणि त्याचं श्रेय ते स्वतःला द्यायचे नाहीत, बैठकीतल्या घड्याळाला द्यायचे. ते घड्याळ वीस मिनिटं पुढे असायचं. फॅक्टरीवाल्यांच्या पुष्कळ घरांत हीच रीत होती, कोणाचं दहा मिनिटं, कोणाचं पंधरा. आमचं वीस. पाहुणा उठायला लागला की कोणी तरी म्हणायचं, "बसा हो, तो घरचा टाइम आहे." मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा आठ दिवस गोंधळले, नंतर सवय झाली. घड्याळ बघायचं आणि वीस वजा करायचे. पुढे तर वजा करतोय हेही कळेनासं झालं. मुक्ता घड्याळ वाचायला शिकली तीच वीस वजा करून, आणि शाळेत बाईंनी तिला चूक दिली तेव्हा रडत घरी आली होती.

परीक्षेच्या चार दिवस आधी मी बैठकीतल्या घड्याळावर वेळ लावून सराव पेपर सोडवत होते. तीन तासांचा. संपवून बघते तो हिशोब जुळेना, कुठे वजा केले, कुठे नाही केले, डोकं चाललं नाही. शेवटचा प्रश्न तसाच राहिलेला. मी पॅड आपटलं आणि बैठकीत येऊन ओरडले, "या घरात वेळसुद्धा खोटी आहे! कशाचा अभ्यास करायचा माणसाने?" बाबा शेंगा सोलत होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काहून चिडून राहिली नीता बेटा? वीसच तर आहेत." मी म्हटलं, "तुमच्या फॅक्टरीसाठी होते. फॅक्टरी संपली, आता तरी सोडा." आणि आत निघून गेले. माझी जीभ अशीच आहे. माहेरी आई म्हणायची, जित्याची खोड, हिची जीभ चितेवरही वळवळेल.

परीक्षा रविवारी होती, कांचघरकडच्या एका शाळेत. आमच्या घरून शहर आडवं ओलांडून जावं लागतं, स्कूटरने अर्धा तास. नऊला गेट बंद, साडेनऊला पेपर. मी ठरवलं होतं, आठला निघायचं. खरे आठ.

आदल्या संध्याकाळी मी खोलीत उजळणी करत होते. बैठकीत स्टूल सरकल्याचा आवाज आला. बाबा जळमटं काढत असतील, असं वाटलं. मनात आलं, या वयात स्टूलवर चढतात, पडले म्हणजे माझी परीक्षा बोंबलली. हो, हेच मनात आलं. त्यांच्या गुडघ्यांचा विचार नाही आला.

सकाळी आपोआप जाग आली. मोबाइल डब्यातच. परीक्षेच्या खोलीत घड्याळ चालत नाही म्हणून मनगटही मोकळं. मुक्ता झोपलेली, नवरा ड्यूटीवर. मी आंघोळ केली, पुस्तक घेऊन बसले. बाबांनी चहा आणून ठेवला, दारावरच्या कागदाकडे बघितलं, काही बोलावंसं वाटत होतं त्यांना, ओठ हलले. मी मान वर केली नाही. ते गेले. थोड्या वेळाने पुन्हा दारात आले, उभे राहिले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी मौन मोडलं.

"आठ वाजले, बेटा."

मी बैठकीतल्या घड्याळाकडे बघितलं. आठ. म्हणजे सात चाळीस. झालं, सुरू झाली यांची घाई. तीन महिने धरून ठेवलेला ताण एकदम तोंडातून बाहेर पडला. "मला कळतं किती वाजले ते! एक सकाळ तोंड बंद ठेवा म्हटलं, तेही जमू नये? माझी वेळ मी बघते, तुम्ही नका बघू!"

बाबा दारातून मागे सरले.

मी शेवटचं प्रकरण वाचलं. पेनं तपासली. देवापुढे उभी राहिले, अंमळ जास्तच. घड्याळात साडेआठ झाले तेव्हा पिशवी उचलली. माझ्या हिशोबाने आठ दहा, हातात पन्नास मिनिटं, रस्ता अर्ध्या तासाचा. फाटकाशी बाबा वाटीत दही-साखर घेऊन उभे होते. चमचा माझ्या तोंडाशी धरला. मी नमस्कार केला. ते हाताने नुसतं जा, जा करत राहिले, आणि मी मनात म्हटलं, हे काही सुधारणार नाहीत.

रस्ता रिकामा होता. सकाळचं ऊन पाठीवर छान लागत होतं, मी उत्तरं आठवत सावकाश चालले होते. पुलाआधी खोदकाम निघालं, एका बाजूने गाड्या सोडत होते. तिथे थांबले. शेजारी ऑटोवाला होता. सहज विचारलं, "भैया, टाइम क्या हुआ?"

"नौ में पाँच कम, दीदी."

मला वाटलं, याचंही घड्याळ पुढे. खरंच असं वाटलं! मी हसले त्याच्याकडे बघून. मग त्याच्या पुढच्या काचेशी लावलेला मोबाइल दिसला. आठ पंचावन्न. मोबाइल कधी पुढे असतो का? पुढचं मला तुकड्यांत आठवतं. हॉर्नवर दाबून ठेवलेला अंगठा. एका म्हाताऱ्याची शिवी. चुकीच्या बाजूने घातलेली स्कूटर. 'देवा, देवा, देवा', आणि ते कोणत्या देवाला म्हणत होते तेही माहीत नाही.

गेट बंद होतं. लोखंडी, हिरवं, वर भाले. आत मैदानात बाया-माणसं रांगेत उभी होती, त्यांचे कागद तपासणं चाललं होतं. दहा पावलांवर. चौकीदाराने घड्याळ दाखवलं. "चार मिनट ऊपर हो गए, मैडम." मी हात जोडले. मी म्हटलं, मेरा आख़िरी चान्स है भैया, सतरह साल की नौकरी है. तो वाईट माणूस नव्हता. त्याने खाली बघितलं. "चाबी अंदर चली गई, दीदी. मेरे हाथ में नहीं है." रांगेतल्या एका बाईने वळून माझ्याकडे बघितलं आणि पटकन तोंड फिरवलं. मी गज धरून उभी राहिले, ती रांग आत जाईपर्यंत.

समोर एका बंद दुकानाची पायरी होती, तिच्यावर बसले. ऊन थेट तोंडावर. पहिला तास मी नुसती ती वीस मिनिटं शोधत होते. घरातून कुठे गेली? मग स्टूलचा आवाज आठवला, आणि सगळं लख्ख कळलं. म्हाताऱ्याने घड्याळ बरोबर केलं! आयुष्यभर नाही केलं आणि नेमकं काल केलं, आणि मला सांगितलं नाही! मला इतका राग आला की मी दात-ओठ खायला लागले. घरी जाऊन काय काय बोलायचं ते मी तिथे बसून जुळवलं, शब्द न् शब्द, उत्तरपत्रिका लिहावी तसं. एक वाक्य असं होतं की ते ऐकल्यावर बाबा पुन्हा आमच्या घरात जेवले नसते. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही.

ऊन चढलं, घशाला कोरड पडली, पण उठून पाण्यापर्यंत जायचं त्राण नव्हतं. आणि मग कधीतरी मला ते दारात उभे असलेले दिसायला लागले. एकदा आले, दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले. सांगितलं नाही कसं? सांगितलं होतं की. आठ वाजले, बेटा. इतक्या साध्या मराठीत सांगितलं होतं. कागद मी लावला होता. घड्याळ खोटं म्हणून ओरडले मी. माझी वेळ मी बघते, असं म्हटलं तेही मीच. शिव्या द्यायला दुसरं कोणी सापडेना. मी पदराने तोंड झाकून त्या पायरीवर मोठ्याने रडले, रविवार होता, रस्त्यावर कोणी नव्हतं.

साडेबाराला पेपर सुटला. लोक बाहेर आले, प्रश्नांवर बोलत. मी एका मुलीला थांबवून प्रश्नपत्रिका वाचली. मला सगळं येत होतं. मग मी स्कूटर काढली, कारण पेपर देऊन आलेली बाई या वेळी घरी पोचते.

बाबा फाटकाशीच होते. डोळे माझ्या तोंडावर. "घड्याळ पाहिलं होतं ना सकाळी? काल बरोबर करून ठेवलं. तू म्हटलं होतं ना." त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि भीतीही होती, दोन्ही एकदम.

"पाहिलं बाबा. बरं केलंत," मी म्हटलं.

"पेपर?"

"ठीक गेला."

जन्मात मी मनातलं गिळलं असेन तर तेवढंच एक. बाबांना प्रत्येक कागद फाइलला लावायची सवय, विजेच्या बिलापासून मुक्ताच्या लसीच्या कार्डापर्यंत. त्यांनी प्रवेशपत्र मागितलं, मी दिलं, आणि तोंड धुवायला गेले. परत आले तेव्हा ते खिडकीशी भिंग घेऊन तो कागद बघत बसले होते. बराच वेळ बघत होते. मग पंच करून फाइलला लावला.

मे महिन्यात निकाल लागला. ऑफिसात यादी लागली, माझा नंबर कुठून असणार? मी घरी येऊन सांगितलं, नाही झालं. नवरा म्हणाला, जाऊ दे. मुक्ताने गळ्यात हात टाकले. शेजारच्या काकू येऊन सांगून गेल्या की सकाळी उठून सूर्याला पाणी दिलं असतं तर झालं असतं. मी सगळ्यांना हो म्हणत राहिले. बाबा जेवायलाही थोडंच बसले.

बाबा जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या सवयी आठवल्या की मला कळत नाही, यशस्वी माणूस कोणाला म्हणायचं. मी अजून त्याच खुर्चीवर आहे. रोज साडेचारला उठते, ती सवय काही सुटली नाही, पण आता उठून कोणाला गप्प करत नाही. दूधवाल्याने खुशाल घंटी वाजवावी. मुक्ता पास होईल, चांगली होईल, आणि तिच्या दारावर कागद नसेल. एवढं माझं मी ठरवलंय.

निकालाच्या त्या संध्याकाळी मी अंगणात भांडी घासत होते. कूलरची घरघर चालू होती, हवा अजून तापलेली. बाबा पायरीवर येऊन बसले. मी पाठमोरीच होते.

"प्रवेशपत्रावर परीक्षा घेणाऱ्यांची सही नव्हती," ते म्हणाले.

माझे हात थांबले.

"तीन तास तू कुठे बसली होतीस, नीता बेटा? त्या उन्हात?"

मी नळ बंद केला. वळून बघायची हिंमत झाली नाही.

"एका दुकानाच्या पायरीवर."

"सावली होती?"

"होती, बाबा," मी म्हटलं. "चांगली सावली होती."